कर अमेरिकेत लागला, मग मावशीचा फंड इकडे का पडला?

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार, गणेश चतुर्थी. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं झाली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये नुकतीच मध्यरात्र उलटली होती, आणि भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के आयातशुल्क सुरू झालं. एरवी आपला शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मी सोवळं नेसून पाटावर बसलो होतो, गुरुजी सांगतील तशा दूर्वा वाहत होतो आणि मनात सेन्सेक्स होता. आदल्या दिवशी तो ८४९ अंशांनी पडला होता. गणपतीसमोर बसून हे कबूल करायला लाज वाटते, पण तसं होतं खरं.

दुपारी जेवणं आटोपल्यावर निफाडहून आलेल्या मावशीनं पदराला हात पुसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. २०२२ च्या जानेवारीपासून ती दर महिन्याला तीन हजार एका इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडात, टाकते. हप्ते बाजूला ठेवले तर जूनअखेरपासून तिचे जवळपास पाच हजार रुपये कमी झाले होते.

"अरे, कर लावला अमेरिकेनं. माल अडकला त्या निर्यातवाल्यांचा. मी तर काही पाठवत नाही तिकडे. मग माझे पैसे का कापले?"

पैसे कोणी कापले नव्हते, पण प्रश्न अगदी बरोबर होता. गेली बावीस वर्षं मी स्वतःच्या पैशांनी शेअर घेतो-विकतो. मी सल्लागार नाही, बँकेतला नाही. नोकरी सांभाळून हा उद्योग करतो. त्या दुपारी मावशीला जे सांगितलं आणि सांगताना मलाच जे नीट उमगलं, ते इथे मांडतो. शुल्काचे आकडे सारखे बदलतात. हे वाचाल तेव्हा ५० चे आणखी काही झालेले असतील. पण आकडा बदलला तरी त्यामागची यंत्रणा तीच राहते.

आयातशुल्क: बंदरावरचा जकात नाका

पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा. ट्रक आला की नाकेदार पावती फाडणार, पैसे भरल्याशिवाय ट्रक आत जाणार नाही. आयातशुल्क म्हणजे देशाच्या वेशीवरचा तसाच नाका. बातम्यांत त्याला टॅरिफ म्हणतात.

इथे एक गोष्ट भलेभले उलटी समजतात. पावती फाडून घेतो तो माल मागवणारा, पाठवणारा नव्हे. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के लावले म्हणजे भारत सरकारनं किंवा भारतीय कारखानदारानं अमेरिकी तिजोरीत पैसे भरले असं होत नाही. माल मागवणारी अमेरिकेतली कंपनी आपल्याच सरकारकडे ते भरते. टीव्हीवर "भारताला भुर्दंड" असं लिहून येतं तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

अर्थात पावती कोणाच्या नावावर फाटली आणि पैसे अखेर कोणाच्या खिशातून गेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळा खेळ दुसऱ्या प्रश्नात आहे.

खिसा कोणाचा हलका होतो?

मावशीला हे समजावायला मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. ती कांदेवाली आहे. व्यापार धोरण म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ती त्याला त्या नावानं ओळखत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. त्याच डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. आता कागदावर ते शुल्क भरायचं होतं निर्यातदारानं. त्यानं काय केलं? दुबईच्या गिऱ्हाइकाकडे भाव वाढवून मागितला असता तर ते म्हणालं असतं, पाकिस्तानचा कांदा आहे की. मग व्यापारी लासलगावात आला आणि बोली खाली आणली. मावशीसारख्यांनी ट्रॉली परत न्यावी तर कुठे न्यावी? पावती फाटली व्यापाऱ्याच्या नावानं, पैसे गेले शेतकऱ्याचे.

"ज्याला दुसरं दार नाही, त्याच्याच बोकांडी बसतं," मावशी म्हणाली. अर्थशास्त्रात यावर आख्खी प्रकरणं लिहिलेली आहेत. सार हेच.

म्हणून कुठल्याही शुल्काची बातमी आली की मी साखळीतली तिघं माणसं डोळ्यांपुढे आणतो: बनवणारा, मागवणारा आणि वापरणारा. यातल्या कोणाकडे पर्याय आहे आणि कोणाकडे नाही? पर्याय नसलेला भरतो. बहुधा तिघंही थोडं थोडं भरतात, पण वाटणी समान कधीच नसते.

अमेरिकेतलं एक उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २०१८ च्या सुरुवातीला तिथं परदेशी वॉशिंग मशिनवर मोठं शुल्क लागलं. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशोब केला तेव्हा मशिन सुमारे १२ टक्क्यांनी महागलेली दिसली. यात नवल नाही. नवल पुढेच आहे: कपडे वाळवणारा ड्रायरही जवळपास तेवढाच महागला, आणि ड्रायरवर शुल्क लागलेलंच नव्हतं! तिथं लोक दोन्ही यंत्रं जोडीनं घेतात. दुकानदारांनी वाढ दोघांत वाटून टाकली. देशी कंपन्यांनीही भाव वाढवले, कारण स्पर्धक महागल्यावर आपण कशाला स्वस्त विकायचं? सुमारे १,८०० नवे रोजगार तयार झाले, आणि ग्राहकांच्या खिशाला बसलेली झळ त्यांवर वाटली तर एका नोकरीमागे ८ लाख डॉलरहून जास्त पडले.

आकडा येतो कुठून?

यावर फार वेळ घालवायला नको, पण २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जाहीर केलेल्या पहिल्या यादीत भारताच्या नावापुढे २६ टक्के का होते ते ऐकण्यासारखं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेनं भारताकडून ८७.४ अब्ज डॉलरचा माल घेतला. भारताला विकलेल्या मालापेक्षा तो ४५.७ अब्जांनी जास्त होता. ४५.७ ला ८७.४ नं भागा: ५२ टक्के. त्याचं निम्मं करा: २६. झालं. भारत कशावर किती शुल्क घेतो हे त्या गणितात कुठेच नव्हतं, तरी तक्त्यात "भारत आमच्याकडून घेतो" त्या रकान्यात ५२ छापले होते. त्याच यादीत हर्ड आणि मॅकडोनाल्ड नावाची बेटंही होती. तिथं माणसंच राहत नाहीत, पेंग्विन राहतात.

ऑगस्टचे ५० दोन हप्त्यांत आले. ७ तारखेपासून २५ टक्के, आणि रशियाकडून तेल घेतल्याबद्दल दंड म्हणून २७ तारखेपासून आणखी २५. रशियन तेल चीनही घेत होता, पण त्याला हा दंड नव्हता. राजकारणाचं राजकारण्यांवर सोडू. गुंतवणूकदाराच्या दृष्टीनं यातला धडा इतकाच की हे आकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून येत नाहीत, म्हणून ते आधी ओळखण्याची हुशारी कोणी दाखवू नये.

शेअर म्हणजे मोहोरावर घेतलेली बाग

आता मावशीच्या मूळ प्रश्नाकडे. माल अजून बंदरात पोचलाही नव्हता, कोणाचा नफाही अजून घटला नव्हता, मग शेअर आधीच का पडले?

कोकणात आंब्याची बाग व्यापारी करारानं घेतात. पुष्कळदा झाडावर फक्त मोहोर असतो, कैरी दिसायची असते. व्यापारी झाडं बघतो, पीक किती येईल याचा अंदाज बांधतो आणि पैसे ठरवतो. समजा दोन लाखांना सौदा ठरत आलाय आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस पडला. सकाळी एकही आंबा खराब झालेला नाही, कारण आंबा मुळात नाहीच. तरी व्यापारी म्हणणार, आता दीड लाख. त्यानं गमावलेल्या फळांचे पैसे कापलेले नाहीत, डळमळलेल्या अंदाजाचे कापलेत.

शेअरचं तेच. आजचा भाव हा पुढच्या अनेक वर्षांच्या नफ्याचा आजच केलेला सौदा असतो. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: नफा किती होईल, आणि त्या अंदाजावर लोकांचा भरवसा किती. शुल्काची बातमी पहिल्या गोष्टीला थोडी आणि दुसरीला बरीच धक्का देते.

हे प्रमाण आकड्यांत पाहू. २०२४-२५ मध्ये भारतानं अमेरिकेला साधारण ८६.५ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला. आपली अर्थव्यवस्था तेव्हा चार हजार अब्ज डॉलरच्या घरात होती. म्हणजे अमेरिकेला जाणारी सगळी निर्यात मिळून सव्वादोन टक्के. त्यातही औषधं आणि स्मार्टफोन या शुल्कातून वगळले होते. शेअर बाजाराच्या बड्या निर्देशांकात बँका, तेल, मोटारी, साबण-बिस्किटवाले आणि आयटी कंपन्यांचा भरणा असतो. कोळंबी, चादरी आणि हिरे त्यात जवळजवळ नाहीतच. तरीही निर्देशांक घसरला. अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक वसाहतीत, दागिने घडवणाऱ्या कारागिराचं काम खरंच थांबायची वेळ आली होती, कारण तिथला बहुतांश माल अमेरिकेलाच जातो. त्याच्या तुलनेत मावशीच्या फंडाला झालेली जखम खरचटल्याइतकी. पण सीप्झमधली बहुतेक वर्कशॉपं शेअर बाजारात नोंदलेली नसतात, त्यामुळे खरी वेदना निर्देशांकात दिसतच नाही. बाजार म्हणजे देशाचा आरसा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा अंधेरी पूर्वेला चक्कर मारावी.

ज्याच्यावर शुल्क नाही, तोही पडतो

एप्रिलमधले दोन दिवस मी वहीत टिपून ठेवलेत. ३ एप्रिलला, घोषणेच्या दुसऱ्या दिवशी, आयटी कंपन्यांचा निर्देशांक चार टक्क्यांहून जास्त पडला. शुल्क मालावर लागतं, सॉफ्टवेअर सेवेवर नाही. कोड काही कंटेनरमधून जात नाही. मग का पडला? कारण ही सेवा विकत घेणारी अमेरिकेतली बँक, दुकानं, विमा कंपन्या. त्यांच्याकडे मंदी आली तर पहिली कात्री लागणार ती संगणकाच्या खर्चाला. पाऊस शेजारच्या शेतात पडला तरी बांधावरून पाणी आपल्याकडे येतंच.

औषध कंपन्यांची त्याच दिवशी दिवाळी होती, कारण औषधांना सूट मिळाली होती. त्यांचे शेअर वर गेले. ४ एप्रिलला ट्रम्प म्हणाले की औषधांवरही शुल्क येणार आहे, आणि तेच शेअर आपटले. चोवीस तासांत ना एक गोळी जास्त खपली, ना कमी.

औषध आणि कोळंबी शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत खपणाऱ्या जेनेरिक औषधांतला मोठा वाटा भारताचा. तिथल्या रुग्णाला ती लागतातच आणि इतकी स्वस्त बनवणारे देश मोजकेच, त्यामुळे शुल्क लागलंच तर बराच भाग पलीकडे ढकलता येण्याची शक्यता. कोळंबीचं उलट. अमेरिकेला सर्वात जास्त कोळंबी भारतच पुरवत होता, पण पाठोपाठ इक्वेडोर उभा होता आणि ऑगस्टमध्ये त्याच्यावर शुल्क होतं १५ टक्के. आपल्यावर ५०. अमेरिकी ताटात कोळंबी कुठली आहे हे कोणी विचारत नाही. मग आंध्रातल्या तळीवाल्याला भाव पाडून द्यावा लागणार, किंवा माल दुसरीकडे न्यावा लागणार. लासलगावचीच कथा, फक्त खाऱ्या पाण्यातली.

"परदेशी लोक विकून चाललेत, त्यांना काहीतरी ठाऊक असणार"

हा आक्षेप मावशीच्या मुलानं, म्हणजे आमच्या बंड्यानं घेतला. परदेशातले मोठे फंड आपल्याकडे शेअर घेतात, त्यांना एफआयआय म्हणतात. ऑगस्टमध्ये त्यांनी जोरात विक्री केली हे खरं. पण त्यांचा हिशोब तुमच्या-माझ्यासारखा नसतो.

समजा न्यूयॉर्कच्या फंडानं जुलैच्या सुरुवातीला भारतात पैसे लावले. तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आत होता. २९ ऑगस्टला तो पहिल्यांदाच ८८ च्या वर गेला. म्हणजे शेअर जागचा हलला नाही तरी डॉलरमध्ये मोजताना त्याचं दोन-तीन टक्के नुकसान झालंच. शिवाय त्याच्यापुढे भारत, कोरिया, तैवान, चीन अशी ताटं मांडलेली असतात. एका ताटातून उठून दुसऱ्यावर बसला म्हणजे पहिल्यातलं अन्न विटलं, असा अर्थ होत नाही.

आणि आता त्याच्या उठण्यानं पंगत मोडत नाही. म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकायची पद्धत, म्हणजे एसआयपी, हिच्यातून जुलै २०२५ मध्ये २८ हजार कोटींहून जास्त आले. मार्च २०२५ च्या तिमाहीअखेर तर आपल्या देशी संस्थांचा शेअर बाजारातला वाटा पहिल्यांदाच परदेशी फंडांपेक्षा जास्त झाला. मावशीचे तीन हजार त्यातच आहेत. हे ऐकून ती जरा सावरून बसली.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण नुसतं कौतुक मला पटत नाही. हा पैसा भाव बघून येत नाही, तारीख बघून येतो. ५ तारीख आली की कापला जातो. त्यामुळे महागडे शेअरसुद्धा महागडेच राहतात, आणि आत येणाऱ्याला स्वस्ताई अशी मिळतच नाही.

"रुपया पडला तर निर्यातदारांचं भलंच की"

थोडं भलं होतं, हो. डॉलरमागे दोन-अडीच रुपये जास्त मिळाले तर निर्यातदाराला सुमारे तीन टक्के सुटतात. समोर भिंत होती ५० टक्क्यांची. तीन टक्क्यांच्या स्टुलावर चढून ती ओलांडता येत नव्हती. आणि तेच स्टूल आपलं कच्चं तेल, खाद्यतेल आणि सोनं महाग करतं.

"मग आपल्या उद्योगांना संरक्षण नकोच का?"

हा प्रश्न गंभीर आहे, आणि "खुला व्यापार चांगला, शुल्क वाईट" एवढ्यावर तो झटकता येत नाही. आपण स्वतःही काही कमी शुल्क घेत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या मोजणीत भारताचं सरासरी आयातशुल्क १७ टक्क्यांच्या आसपास होतं, अमेरिकेचं या सगळ्या प्रकरणाआधी साडेतीनच्या आत. ट्रम्प यांच्या तक्रारीत तेवढं तथ्य होतं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं छोटं प्रेस शॉप आहे. पोलादाच्या पत्र्याचे कॉइल आणायचे, कापायचे, डाय लावून गाड्यांचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प ठोकायचे. २१ एप्रिल २०२५ ला आपल्या सरकारनं स्वस्त परदेशी सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के शुल्क लावलं. पोलाद बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर असलेले खूश झाले. माझ्याकडेही थोडे होते, मीही झालो. त्याच आठवड्यात मित्राकडे गेलो तर त्यानं कॉइलचं नवं कोटेशन टेबलावर सरकवलं. मोठ्या गाडी कंपनीकडून त्याला भाववाढ मिळते, पण एक तिमाही उशिरा. मधले तीन महिने फरक त्याच्या ओव्हरड्राफ्टमधून जातो. "तुझ्या शेअरला डिव्हिडंड मी देतोय," असं म्हणून त्यानं चहा मागवला. गोड होता, पण घशाखाली उतरेना.

पोलाद कंपनीला संरक्षण देऊ नये असं यातून निघत नाही. चीनमध्ये खपेनासं झालेलं पोलाद आपल्या बंदरात ओतलं जात असेल तर काही काळ दार लोटून घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण दार लोटल्यावर घरातलंच कोणीतरी घुसमटतं, आणि बहुधा ज्याचा आवाज लहान तोच. माझं मत विचाराल तर संरक्षणाला तारीख हवी. २०० दिवस असं लिहिलेलं असणं मला त्या १२ टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तारीख नसलेली संरक्षणं कारखानदाराला आळशी करतात.

शुल्क कमी केल्यानंही सगळ्यांचं भलंच होतं असं नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क १५ वरून ६ टक्के केलं. तोळ्यामागे हजारोंनी भाव उतरला, सराफाकडे रांगा लागल्या, दागिने विकणाऱ्या टायटनसारख्या कंपन्यांचे शेअर उसळले. पण दुकानात आधीच भरलेलं सोनं तर १५ टक्के भरून आणलेलं होतं. सप्टेंबरच्या तिमाहीत टायटनचा नफा घटला, आणि त्याचं एक मोठं कारण हेच होतं. जुलैत टाळ्या वाजवणाऱ्यांना नोव्हेंबरात निकाल वाचताना ते आठवलं.

"एप्रिलात विकून बसलो असतो तर?"

हा प्रश्न मला बंड्यानं विचारला नाही. मीच मला विचारतो, कारण मी खरंच विकलं होतं.

७ एप्रिल २०२५, सोमवार. त्याआधीच्या दोन सत्रांत अमेरिकी बाजार दहा टक्क्यांहून जास्त कोसळला होता. आपला सेन्सेक्स उघडताच जवळपास चार हजार अंशांनी खाली गेला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून, एका हातात डबा आणि एका हातात फोन धरून, कोळंबी निर्यात करणाऱ्या एका कंपनीचे सगळे शेअर विकले. दिवसअखेर सेन्सेक्स २,२२६ अंशांच्या घसरणीवर, ७३,१३७ ला थांबला. मला वाटलं, सुटलो.

९ तारखेला अमेरिकेत सकाळी ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की ही खरेदीची उत्तम वेळ आहे. काही तासांनी बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क त्यांनी ९० दिवसांसाठी थांबवलं. अमेरिकेचा एस अँड पी निर्देशांक त्या एका दिवसात साडेनऊ टक्क्यांनी उसळला. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, आपल्याकडे महावीर जयंतीची सुट्टी. ११ ला बाजार उघडला तोच वर, आणि सेन्सेक्स १,३१० अंश चढून बंद झाला. परत आत शिरायला फटच मिळाली नाही. जूनअखेर तो ८३,६०० वर होता.

मी विकलेला कोळंबीचा शेअरही वर गेला, आणि ऑगस्टमध्ये परत खाली आला. बायको म्हणाली, म्हणजे तुमचंच बरोबर होतं की. नव्हतं. एप्रिलात मला ९० दिवसांची स्थगिती दिसली नव्हती आणि ऑगस्टचा दंडही दिसला नव्हता. जिन्यात मी विचार केलाच नव्हता, नुसता घाबरलो होतो.

बाहेर पडणं सोपं असतं. परत आत कधी शिरायचं, हा दुसरा निर्णयही तितकाच अचूक लागावा लागतो. आणि बाजाराचे सर्वात चांगले दिवस पुष्कळदा सर्वात वाईट दिवसांना चिकटून येतात, कधी कधी मध्ये एक सुट्टी टाकून.

हल्ली मी काय बघतो

शुल्काची बातमी आली की भाव बघायच्या आधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडतो. त्यात कोणत्या देशातून किती उत्पन्न येतं त्याचा तक्ता असतो. मग कांद्याचा प्रश्न विचारतो: हिच्या गिऱ्हाइकाला दुसरं दुकान आहे का? आणि हिला दुसरं गिऱ्हाईक आहे का? नंतर कर्ज. शुल्काचं एक वाईट वर्ष बिनकर्जाची कंपनी काढू शकते. डोक्यावर हप्ते असलेली तेवढ्यात मोडते. या तिन्ही उत्तरांनी समाधान झालं नाही तर तो शेअर बातमी नसतानाही माझ्याकडे नसावा, इतकं साधं. एप्रिलच्या त्या कोळंबी कंपनीचा तक्ता मी विकल्यानंतर तीन आठवड्यांनी पाहिला. हे क्रमच चुकल्यासारखं आहे, हे मलाही कळतं.

फंडातल्या पैशाला हे काही करावं लागत नाही. तिथं एकच बघायचं: तो पैसा कधी लागणार आहे. मावशीला तो धाकट्या नातीच्या शिक्षणाला हवाय. नात सध्या तिसरीत आहे आणि त्या क्षणी मखराखालचा दुसरा मोदक पळवत होती.

बाजार २८ तारखेला उघडला आणि आणखी ७०५ अंशांनी पडला. मी मावशीला फोन केला, म्हटलं घाबरू नकोस.

"मी कशाला घाबरू," ती म्हणाली. "फंड राहू दे तसाच. कांदा मात्र गौरी गेल्या की काढते चाळीतून. खालच्या थराला ओल धरायला लागलीये."